मागच्या सीटवरचे शेजारी

अक्राच्या बाजारात भर दुपारी आमचे शेजारी दिसले. गाडीच्या मागच्या सीटवर एकटेच बसलेले, काचा बंद. गाडी चालवत आणणारी त्यांची बायको पाव घ्यायला दुकानात गेली होती आणि तिथली रांग काही हलत नव्हती. ऊन मी म्हणत होतं. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण हात काही दाराकडे जाईना.

हे गृहस्थ तरुणपणी पत्रकार होते. बातमीसाठी चालत्या ट्रकमधून उडी मारायचे म्हणे. मग राजदूत झाले, मग मंत्री, आणि तेव्हापासून त्यांचं दार कायम दुसऱ्याच कुणीतरी उघडलं. मंत्रिपद गेलं, ड्रायव्हर गेला, पण गल्ली त्यांना अजून 'ऑनरेबल'च म्हणते आणि ते अजून मागेच बसतात. मान वाढतो तशी माणसाची जागा आकसत जाते की काय? मला इथे सगळे मॅडम म्हणतात. आमचं फाटक मी स्वतः शेवटचं कधी उघडलं, ते आठवत नाही.

मी काचेवर टकटक केली. ते नुसते हसले. शेवटी मीच दार उघडलं. "ऑनरेबल, अहो उतरा की, भाजून निघाल!"

ते उतरले नाहीत.

"मुली, मंत्र्यांच्या गाड्यांवर मीही अशीच टकटक करायचो. काच कधी खाली यायची नाही. वाटायचं, आत ऐकू जात नसेल." त्यांनी रुमालाने मान पुसली. "सगळं ऐकू येतं गं."