हुपरीच्या बसमधल्या चिठ्ठ्या

मी बी.ए.ला बाहेरून बसणार असं घरात जाहीर केलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद माझ्या सासऱ्यांना झाला. त्यांना मी मामा म्हणायची. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते कसबा बावड्याला राहायला आले होते. सत्तर साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. मी हुपरीच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. नवरा साखर कारखान्यात पाळीने कामाला जायचा. मुलगी दोन वर्षांची होती.

दुसऱ्याच दिवशी मामांनी निळ्या पुठ्ठ्याची वही आणली. प्रत्येक पानावर पट्टीने रेघा मारून सकाळी पाचपासून रात्री दहापर्यंतचे अर्धे-अर्धे तास पाडलेले. पलटणीत असताना ते स्वतः असंच करत. सुटल्यावरही त्यांनी ते सोडलं नव्हतं. दाढी, फेरफटका, पेपर, सगळं रेघांमध्ये बसवलेलं असायचं.

"रोज सांजचं उद्याचं लिवायचं," ते म्हणाले. "आन् झालं की फुडं लाल पेन्सलीनं खूण. मी बघणार."

मला खरंच हुरूप आला. पहिल्या पानावर मी सुरेख अक्षरात लिहिलं : पाच ते साडेपाच, इतिहास, प्रकरण एक. पहाटे उठून पुस्तक उघडलं आणि बाहेरून शेजारीण ओरडली, "पाणी आलं!" सार्वजनिक नळाला पाणी कधी पाचला यायचं, कधी सहाला. रांग, कळशा, मुलीचं उठणं, स्टोव्ह, डबा. साडेसहाला वहीत बघितलं तर तीन चौकोन मागे पडले होते. संध्याकाळी बस उशिरा आली, घरी पाहुणे येऊन बसलेले, आणखी चार चौकोन गेले.

असं आठवडाभर चाललं. मामा रोज जेवणाआधी वही मागायचे, चष्मा लावायचे, आणि रिकाम्या चौकोनांवर बोट ठेवून नुसतं "हं" म्हणायचे. ते "हं" मला सोसेना. मी खोट्या खुणा करायला लागले. सांगायला आजही लाज वाटते, पण वर्गातल्या मुलांना खोटं बोलू नका म्हणणारी मी रोज संध्याकाळी लाल पेन्सिल घेऊन बसायची.

मामा खूश झाले. इतके, की पेठ वडगावहून नणंदेचे सासरे आले तेव्हा त्यांनी वही त्यांच्या हातात दिली. "बघा की पावणं! सात प्रकरणं झाली पोरीची."

पाहुणे हायस्कूलमध्ये शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी कौतुकाने पानं चाळली आणि सहज विचारलं, "मग फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं सांग बघू दोन-तीन."

मी चहाचा ट्रे धरून उभी होते. एकही कारण आठवेना. आठवणार काय, ते प्रकरण मी उघडलंच नव्हतं. पाहुणे समजूतदार, लगेच उसाच्या गाळपाकडे वळले. मामा मात्र माझ्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये मी खिडकीपाशी बसले होते. मांडीवर ती निळी वही. साडेआठपासूनचे दोन चौकोन जोडून लिहिलं होतं, 'प्रवास'. तासाभराचा अख्खा तुकडा, त्यात एकच शब्द. परतीचाही तसाच. मी त्या शब्दाकडे बघत राहिले आणि एकदम अंगावर काटा आला. या तासात नळाला पाणी येत नाही! इथं पाहुणे येत नाहीत! मुलगी उठत नाही, दूध उतू जात नाही. बस उशिरा सुटली तर मला उलट जास्तच वेळ मिळतो! पाच वाजता मी कुठं असेन हे मला सांगता येत नव्हतं, पण दिवसातून दोनदा या बाकावर असणार हे ठरलेलं होतं.

मी वहीचं पान टर्रकन फाडलं. मामांनी मारलेल्या रेघांवरून आडवं लिहायला लागले. बसमध्ये काय करता येईल? नळावर काय? स्टोव्हपाशी काय? हुपरी कधी आली कळलंच नाही. कंडक्टर म्हणाला, "बाई, उतरायचं न्हाय व्हय आज?"

त्यानंतरचे पंधरा दिवस मी झपाटल्यासारखी होते. रोज काहीतरी फसायचं आणि रोज काहीतरी नवं सुचायचं. बसमध्ये लिहिणं जमेना, खड्ड्यांनी अक्षर नाचायचं, म्हणून तिथं फक्त वाचायचं. बाजारच्या दिवशी उभं राहावं लागे आणि पुस्तक उघडता येईना. मग जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून मुठीत मावतील एवढ्या चिठ्ठ्या केल्या. एकीकडे प्रश्न, दुसरीकडे उत्तर. नळाच्या रांगेत दोन्ही हात गुंतलेले, तिथं मनातल्या मनात सनावळ्या. स्टोव्हपाशी पिठाची खळ लावून फळीच्या कडेला एक कागद डकवला, भाकरी थापता थापता डोळ्यांसमोर येईल असा. लिहिण्याचं काम शाळेतल्या मधल्या सुट्टीवर ढकललं. चिठ्ठी पाठ झाली की डाव्या पिशवीतून उजव्या पिशवीत. उजवी पिशवी फुगायला लागली तशी मी बसमध्ये एकटीच हसायची.

वाटेतल्या एका गावातून एक मावशी चढायच्या. पन्नाशीच्या, हुपरीत एका घरी चांदीच्या पैंजणांना घुंगरं ओवायला जायच्या. एकदा शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "काय पुटपुटतासा ओ बाई रोज?"

मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, लांब धरली, अक्षराला अक्षर जोडत वाचली. "चौथी शिकलोय मी," त्या म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका बोलतात तसं, पुरुषी क्रियापद लावून. "द्या हिकडं. मी इचारतो, तुमी सांगा."

तेव्हापासून रोज माझी परीक्षा! मावशींचा आवाज असा, की पुढच्या ड्रायव्हरलाही ऐकू जावा. उत्तर चुकलं की "न्हाय न्हाय, परत!" आणि बरोबर आलं की गुडघ्यावर थाप.

मामांना मात्र मी काही सांगितलं नव्हतं. पाहुणे येऊन गेल्यापासून त्यांनीही वही मागितली नव्हती. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी वही मागितली तेव्हा फाटलेल्या पानांसकट समोर ठेवली. "मामा, खुणा खोट्या होत्या," मी म्हटलं. "मला घड्याळावर जमत नाही. जागेवर जमतंय."

"वही फाडलीस?" एवढंच ते म्हणाले. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळी कोट घालून दारात उभे. "नातीला पैंजण आणाय हुपरीला येतोय," म्हणाले. बसमध्ये ते माझ्या मागच्या बाकावर ताठ बसले. त्यांच्यासमोर चिठ्ठ्या काढायला मला धीर होईना. पण मावशी चढल्या आणि त्यांनी सरळ माझ्या पिशवीत हात घातला.

"फ्रान्साची क्रांती का झाली?" सगळ्या बसने मान वळवली.

मी सुरुवात केली. राजाचा उधळेपणा, शेतकऱ्यांवरचे कर, महागलेली भाकरी, लेखकांचे नवे विचार. कारणं एकामागोमाग येत होती. मी थांबले तशा मावशी चिठ्ठी बघून ओरडल्या, "समदी आली! एकबी ऱ्हायलं न्हाय!" मागून कुणीतरी टाळी वाजवली. ते मामा नव्हते. मामा खिडकीबाहेर बघत होते.

हुपरीच्या स्टँडवर उतरल्यावर मात्र ते माझ्याजवळ आले. खिशातून लाल पेन्सिल काढली. "चौकोन ऱ्हाऊ देत," म्हणाले. "पर चिठ्ठीवर खूण करायची. आन् ती मी करणार. सांजला मला इचारू दे." मग कोट झटकत पैंजणांच्या पेढीकडे चालू लागले. मी शाळेकडे जवळजवळ पळतच गेले.

बी.ए. मी दुसऱ्या वर्गात पास झाले. निकाल मावशींना सांगितला तेव्हा त्यांनी सगळ्या बसला ओरडून सांगितलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून, एरवीच्या मानाने फार हळू विचारलं, "बाई, मला सातवीला बाहेरनं बसता येईल का ओ?"

मी लगेच माझ्याकडच्या कोऱ्या चिठ्ठ्या काढल्या. त्यांनी मान हलवली. "मला असल्या चालायच्या न्हाईत. कामावर हात आन् डोळं चांदीत. कान तेवढं मोकळं असत्यात."

मग उरलेला सगळा प्रवास आम्ही दोघी, मावशींच्या कानांसाठी काय करता येईल, यावर भांडत होतो.