भिंतीकडची हातभर माती

आमच्या चारकोपच्या सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत. माती उरली होती ती फक्त आमच्या तळमजल्याच्या खिडकीखाली, कंपाउंडच्या भिंतीलगतची हातभर पट्टी. तिथेही ब्लॉक घालून बाईक लावायच्या, असं सेक्रेटरींनी वार्षिक सभेत मांडलं. नुसतं तण तर आहे तिथे, म्हणाले. माझं डोकं फिरलं. पुढच्या सभेपर्यंत तिथे फूल दाखवते, नाही दाखवलं तर खुशाल बाईक लावा, असं मी उठून सांगितलं. सगळे हसले. हसणाऱ्यांपैकी दोघांच्या कुंड्या जिन्यात वाट अडवून बसल्यात, ते सोडा.

जास्वंद लावून सुटले असते, पण मला मुद्दाम रानफूलच हवं होतं. ज्याला हे तण म्हणतात, त्यातलंच. माझी बहीण थंड देशात राहते. तिच्याकडे रस्त्याकडेला नॅपवीड उगवतं. जांभळं, विस्कटलेल्या पाकळ्यांचं फूल. एकदा लावलं की वर्षानुवर्षं त्याच मुळातून येतं. तिने दिलेलं बी माझ्याकडे पडून होतं.

या बियांना रुजायच्या आधी थंडी लागते. चारकोपला थंडी कुठून आणणार? ओल्या फडक्यात गुंडाळून बिया फ्रिजमध्ये ठेवल्या, सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, डब्याशेजारी. फुलाला वास नसतो हे कळल्यावर आईचा त्यातला रसच गेला. दिवाळी सरल्यावर पेरणी केली. हलकी माती, खत अजिबात नाही आणि मुळाशी पाणी साचता कामा नये, एवढंच पथ्य. शेजारी पाडलेल्या बिल्डिंगचं रॅबिट, म्हणजे राडारोडा, पडलं होतं. त्यातलं चुन्याचं प्लास्टर आणि विटांचे तुकडे ठेचून मी मातीत कालवले आणि उंच वरंबा केला.

रोपं आली आणि मग अशी माजली की बघत राहावं. गर्द हिरवी पानं, पण कळीचा पत्ता नाही. एक दिवस खिडकीखाली मांजरं घुटमळताना दिसली आणि उलगडा झाला. आई रोज मासे धुतलेलं पाणी तिथे ओतत होती. गावी माडाला, कढीपत्त्याला हेच घालतात. या झाडाला उपाशी ठेवायचं असतं, हे तिच्या मनात तरी कसं येणार? पण मी भडकले, नको ते बोलले. त्यानंतर दोन दिवस आईच्या आमटीत मीठ कमी होतं.

पुढच्या वर्षीच्या सभेत मी नुसती पानंच दाखवू शकले. पहिलं वर्ष मुळाचं असतं, असंही सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. कुणी ऐकून घेतलं नाही. त्याच आठवड्यात ब्लॉकवाले आले. मी दारात सेक्रेटरींशी भांडत होते, तेवढ्यात आई आडाळो, म्हणजे आमची विळी, घेऊन बाहेर आली. सरळ त्या पट्टीवर बसली आणि बांगडे साफ करायला लागली.

"मी हंयसून उठूचंय नाय," ती म्हणाली. "फुलाक उशीर माझ्यामुळे झालो. मी बसतलंय."

विळीवर बसलेल्या म्हातारीला हलवायची कुणाची टाप नव्हती. सेक्रेटरी होळीपर्यंत थांबायला कबूल झाले. त्या दिवसापासून माशाचं पाणी मोरीत जाऊ लागलं. ओतताना आईचा जीव तुटायचा, मला दिसायचं.

होळीच्या आधी एक दांडा वर आला. कळीवर खवले होते, अगदी माशासारखे. ते पाहून आईला पहिल्यांदाच ते झाड आपलं वाटलं. एका सकाळी फूल उमललं. पुरावा म्हणून फोटो काढायला मी फोन आणायला आत गेले. परत येऊन बघते तर दांडा खुडलेला. वर्ष-दीड वर्षाची मेहनत, आणि एकच फूल होतं.

आई सेक्रेटरींच्या दारात उभी होती.

"ह्यां घे रे झिला," तिने फूल त्यांच्या हातात ठेवलं. "आता बाईक खंय लावतलंस ता बघ."

एका हातात फूल धरूनच त्यांनी ब्लॉकवाल्यांना फोन केला आणि येऊ नका म्हणून सांगितलं. खुडलेल्या दांड्याला बाजूने नवे फुटवे आले, आणि आता खिडकीखाली तीन फुलं आहेत. तण म्हणायचं तर म्हणा.