तुळसाबाईच्या घरची अखाजी

मह्या नवऱ्याले, तेजरामले, राजेगावात समदे फौजी म्हणतेत. फौजी! घरात त्याच्या तोंडून एक शब्द काढाचा तर मह्या नाकी नऊ येत. एकाहत्तरच्या लढाईतून लंगडत आला, फौजेनं घरी धाडलं, तवापासून खाटेवर पडून नुसता वर छपराच्या कवेलूकडं पाहे. मी बोलून थकली, थो न बोलून थकला.

एकच नाव त्याच्या तोंडी ये, दुलीचंद. बाजूच्याच गावचा, त्याच्याच पलटनीतला. पंजाबच्या थंडीत दोघं मिळून लपाचा खड्डा खोदत, अन् एका कांबळात निजत. रोज रोज पोळ्या. आपण भात खाणारी माणसं! मंग दुलीचंद पोळी कुस्करे अन् म्हणे, "घे तेजराम, भात समज अन् गिळ." एकाचे पाय सुजले का दुसरा त्याच्या वाटचा पहारा करे. इतके थकत का घास हातात अन् डोळा लागे. थो दुलीचंद तिथंच मेला. कसा, असं विचारलं का हा उठून बाहीर जाये.

लढाईनंतरच्या पह्यल्या अखाजीले, अक्षय तृतीयेले, दुलीचंदच्या मायचा, तुळसाबाईचा, निरोप आला. अखाजीले आमच्याकडं मेलेल्याच्या नावानं कोरी घागर भरतेत. एका माणसाले पितर म्हणून पाटावर बसवतेत, त्या घागरीतलं पाणी पाजतेत अन् जेवू घालतेत. म्हातारीचं एकुलतं एक लेकरू गेलं. तेजरामनं त्याच्या जागी बसावं, एवढंच तिचं मागणं.

"मी नाही जात," हा म्हणे.

"काहून? तुह्याबिगर कोणाले बोलवावं थ्या बिचारीनं? एका कांबळात निजले ना दोघं? मंग आता का झालं?"

लय तोंडसुख घेतलं म्या. उन्हातान्हात अक्षरशः ओढत नेलं त्याले. ज्याचं जळे त्याले कळे, मले का मालूम!

तुळसाबाईनं अंगण सारवलं होतं. पाट, पत्रावळ, वडे, आंब्याचा रस, समदं मांडून ठेवलं होतं. तेजरामले पाटावर बसवलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. घागरीतून लोटा भरला अन् म्हणे, "पे, मह्या दुलीचंद."

यानं ओंजळ धरली. अन् पाणी समदं बोटातून खाली गळू देल्लं.

"माय, मी नाही पेऊ शकत," थो म्हणाला. अन् मंग इतक्या महिन्याचं दाबलेलं बोलला. "त्याच्या पोटात गोळी लागलती. पाणी दे, पाणी दे म्हणे. बाटली भरून होती मह्या कमरेले. पोटात गोळी असली तर पाणी नाही द्याचं, दिलं तर माणूस मरते, असं शिकवलंतं आम्हाले. थो वाचावा म्हणून नाही देल्लं वं माय. रातभर, उजेडलोग मांगत राह्यला. मंग गेलाच ना थो. तहानेलाच गेला."

याले म्या ओढत आणलं होतं! मले वाटलं, आता म्हातारी छाती पिटन, आम्हाले शिव्या देऊन हाकलन. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

थे लोटा घेऊन उभीच होती. मंग त्याच्या समोर बसली, लोटा पुन्हा घागरीत बुडवला.

"धर ओंजळ."

यानं धरली. पेला. तिनं पुन्हा ओतलं, थो पुन्हा पेला. लोटा सरला का घागरीत बुडवे, अन् ओते. त्याच्या गळ्यावरून, सदऱ्यावरून पाणी वाहून राह्यलं होतं. त्याले ठसका लागला, डोळे लाल झाले. तरी तिचा हात काही थांबेना.

मले नाही पाहवलं. "बस कर वं माय, गुदमरन थो!"

म्हातारीनं मह्याकडं पाह्यलंबी नाही.

"रातभर तहानेलं होतं मह्यं लेकरू," थे म्हणाली. "पेऊ दे त्याले."

तेजरामनं ओंजळ खाली नाही घेतली.