आप्पांनी दाखवलेलं वडगाव

वडगाव-शहापुरात कुठं काय खावं हे कुणी विचारलं तर मी एका दमात सांगते. इडली कुठली, कुंदा कुठला, चहा कुणाच्या हातचा. पण एका सकाळी हे सगळं मी आप्पांच्या मागून चालत खाल्लं, आणि तसं पुन्हा खायची माझी तयारी नाही. त्या दिवशी एक घास धड गळ्याखाली उतरला नाही.

अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पुण्याहून आला होता तो आप्पांना घेऊन जायलाच. आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, काचबिंदू. आधी बाजूचं दिसणं गेलं, मग समोरचंही धूसर होत चाललं. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली थेंब घालून सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आई गेल्यापासून ते वडगावच्या घरात एकटे. मी अनगोळला सासरी, शाळेची नोकरी करून दिवसाआड चक्कर मारणार. अण्णानं संध्याकाळच्या बसची दोन तिकिटं काढूनच ठेवली होती. आधी तिकिटं काढायची आणि मग विचारायला यायचं, ह्याचा मला संताप आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही. तो चुकीचं बोलत होता असं मात्र नाही. गॅस चालू राहिला तर, स्कूटरनं उडवलं तर, ह्या धास्तीनं मीही रात्री कूस बदलत असे.

आप्पा भांडले नाहीत. पायात चपला सरकवत अण्णाला म्हणाले, "चल, तुला वडगाव दावतो. नाष्टा, कुंदा, च्या, सगळं फिरून घरला आणून सोडतो. वाटंत कुणी माझा हात धरायचा न्हाय. धरायची पाळी आली, तर सांजच्या गाडीत बसतो."

अण्णा लगेच तयार झाला. मला कुणी विचारलंच नाही. आमच्या घरात ती पद्धत जुनीच आहे.

आप्पा पुढं, आम्ही दोघं मागं. दोन्ही बाजूंच्या घरांतून यंत्रमाग चालू होते. तो खडखडाट इथं जन्मलेल्यांच्या कानांना जाणवत नाही, पाहुण्यांचं मात्र डोकं उठतं. आप्पांनी जन्मभर माग चालवलेला. आता ते त्या आवाजावरच वाट काढत होते, हे मला ठाऊक होतं आणि अण्णाला नव्हतं. कोपऱ्यावरच्या घरात चार माग एकदम चालतात, तिथं डावीकडं वळायचं. पुढं एक जुना माग मध्येच अडखळतो, तिथून उघडं गटार सुरू होतं, तेव्हा उजवीकडून चालायचं. मला त्यांनी एकदा हसत हसत हे सांगितलं होतं.

इडलीच्या हॉटेलची पायरी उंच आहे. त्यांनी ती चपलेच्या टोकानं चाचपली आणि चढले. मालकानं आतूनच "बर्री, बर्री" म्हणत बोलावलं, आप्पांनी कानडीतून त्याच्या सुनेची चौकशी केली. इडली आली, वाफाळलेली, सोबत हिरवी चटणी. आप्पांचं बोट ताटलीच्या कडेवरून फिरलं आणि बरोबर चटणीशी थांबलं. अण्णा इडलीकडं बघतच नव्हता, त्या बोटाकडं बघत होता. मी त्याचं लक्ष उडवायला भाचरांच्या परीक्षांचं काहीबाही विचारत राहिले. माझी इडली गार झाली.

तिथून शहापूरचा बाजार. रस्ता ओलांडताना आप्पा कडेला थांबले, मान जराशी कलती करून. एक रिक्षा गेली, दोन स्कूटर गेल्या. माझा हात त्यांच्या सदऱ्यापर्यंत गेला आणि मी तो मागं घेतला. ते ओलांडून पलीकडं पोचले, मग आम्ही दोघं निघालो.

कुंदा नुकताच कढईतून उतरला होता. दूध आटवून केलेला, तपकिरी, रवाळ, तुपानं चमकणारा. चमच्यानं खाणाऱ्याला कुंदा कळत नाही, असं आप्पांचं ठाम मत. त्यांनी कागदावरचा कुंदा अण्णापुढं ढकलला, आणि तिकडं पुण्यात गोडाला शिवत नसलेला माझा भाऊ बोटं चाटत खायला लागला. क्षणभर तो शाळेतून घरी आलेला अण्णा दिसला. हात धुवायला पाणी नव्हतं, त्यानं ते रुमालाला पुसले. मला वाटलं, जमलं आता. फक्त चहा आणि घर राहिलं.

चहाची टपरी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी आहे. आम्ही अडखळणाऱ्या मागाच्या अलीकडं होतो आणि करंट गेला.

एकदम सगळी गल्ली गप्प झाली. आप्पांचं पाऊल उचललेलं होतं, ते त्यांनी होतं तिथंच ठेवलं. मान इकडं वळली, तिकडं वळली. उजव्या हाताला दोन पावलांवर गटार. त्यांचं तोंड नेमकं तिकडंच होतं. मी ओरडणार होते, पण ओरडले असते तर सगळं संपलं असतं, आणि नसते ओरडले तर काय झालं असतं ते मला बघवणार नव्हतं. अण्णा पुढं झाला. काही न बोलता त्यानं आपला हात आप्पांच्या तोंडासमोर धरला. आप्पा तसेच उभे. डोळे उघडे, आणि हात वीतभर अंतरावर. अण्णानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघत राहिले.

मग कुठल्याशा घराच्या आतल्या खोलीतून खट्-खट्, खट्-खट् असा बारीक आवाज आला. आमच्या गल्लीत एक म्हातारी अजून हातमागावर विणते. तिला करंट लागत नाही, आणि करंट असला की तिचा माग कुणाला ऐकू येत नाही. आप्पा त्या आवाजाकडं वळले, गटार मागं राहिलं, आणि पावलं मोजूनमापून टाकत ते चालू लागले. काम थांबल्यामुळं माणसं उंबऱ्यावर येऊन बसली होती. कुणीतरी टपरीवरून आल्याचा चहा आणून आमच्या हातात दिला. तो गोड होता की अगोड, मला आठवत नाही. घराची कडी आप्पांनीच काढली.

मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर अण्णा मागोमाग आला. म्हणाला, "हात पुढं केलता गं मी. एवढ्यावर. दिसला न्हाय त्यास्नी." मला रडू आलं. तो खरं तेच बोलत होता.

बाहेर येऊन तो आप्पांच्या शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, कपडे भरू या. हात दिसला नाही म्हणून सांगितलं.

"न्हाय दिसला," आप्पा म्हणाले. "पर वास आलता. कुंद्याचा. नाकाम्होरंच धरलावतास."

"मग धरला का न्हाय?"

"धरला असता तर उद्या पुण्यात उठलो असतो."

मग अण्णानं विचारलं, परत वाटेत करंट गेला तर काय करणार. आप्पा म्हणाले, जागचे हलणार नाही, कुणीतरी हाक मारतंच. मी म्हणाले, उन्हाळ्याची सुट्टी लागली की मी इथंच येऊन राहते, सासरी काय सांगायचं ते माझं मी बघते. अण्णानं मोबाईल काढला आणि एक तिकीट रद्द केलं. त्याचे डोळे भरले होते आणि त्यानं ते लपवले नाहीत.

संध्याकाळी निघताना त्यानं आप्पांना वाकून नमस्कार केला, पण हात काही पुढं केला नाही. आप्पांनीच हवेत चाचपडत त्याचा हात शोधला. रिक्षावाला दारात हॉर्न वाजवत होता, तरी त्यांनी तो सोडला नाही.