अटलांटिकवर पत्र्याचा डबा

आमच्या मंगरूळपीरच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये काही टिकायचं नाही. कपांचे कान तुटायचे, डस्टर हरवायचे. साचायचे ते फक्त किस्से! त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचे निम्मे तर एकट्या तायडे सरांचे.

तायडे सर भूगोलाचे. वीस वर्षं महासागर शिकवले, पण स्वतः गुडघाभर पाण्यापलीकडे कधी गेले नाहीत. एकुलती एक लेक माया लग्न होऊन कॅनडात. तिचं पत्र आलं, दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. पण डॉक्टरांनी तिला प्रवास मना केलेला, आणि आई तर वारलेली. माहेर उरलं ते सर एकटेच! जावयानं तिकीट पाठवलं. आता माहेरानंच विमानात बसायचं होतं.

*

तेव्हापासून सरांचा पाय एका जागी ठरेना. ऑफ तासाला पृथ्वीचा गोल घेऊन बसायचे आणि दोऱ्यानं मोजायचे.

"लंडन ते कॅनडा चार बोटं! नुसतं पानी! मधात थांबाले जागाच नाही!"

पीटीचे राठोड सर म्हणाले, "थांबाचं काहून? विमान काय शेलूबाजारची एसटी हाय, पॅसेंजर घ्याले?"

"घ्याले नाही हो, मले उतराले!"

*

त्याच महिन्यात इन्स्पेक्शन होतं. साहेबांनी सातवीतल्या एका मुलीला विचारलं, "युरोपातून पश्चिमेला निघालं, की काय लागतं?"

"अमेरिका!"

"आणि मध्ये?"

"मधातलं सरानं सोडून देल्लं, साहेब!"

सर खिडकीबाहेर बघत उभे होते. आम्हाला हसू आवरेना, पण खरं सांगतो, त्यांची दयाही आली.

*

राठोड सर त्यांना पोहायला शिकवायला विहिरीवर घेऊन गेले. आमच्याकडे पोरं शिकतात ती पाठीला रिकामा डबा बांधून. झाकणाला डाख लावून बंद केलेला, आत नुसती हवा. बाजारात पत्र्याचे डबे बनवणाऱ्या करीमचाचांनी सरांसाठी खास डबा करून दिला. "मास्टर, डुबना चाहोगे तो भी नहीं डूबोगे!"

दोन रविवार गेले. सरांना पोहणं आलं नाही, डबा मात्र भारी आवडला. शाळेतसुद्धा घेऊन यायला लागले.

*

मुंबईला विमानतळावर तपासणीच्या साहेबानं सरांच्या पिशवीतून डबा काढला. "यात काय आहे?"

"काही नाही."

"मग उघडा."

"उघडला तर मी बुडीन ना!"

झालं! साहेबाला भलताच संशय आला. त्यानं टोच्यानं डब्याला भोक पाडलं, कान लावला, वास घेतला आणि डबा परत दिला. सर पाच मिनिटं तिथंच उभे. परत मंगरूळपीरला यावंसं वाटलं, असं त्यांनीच सांगितलं. मग मायाचं पत्र खिशात चाचपलं आणि भोकावर बोट दाबून विमानात चढले.

*

पुढचं सांगितलं ते परत आल्यावर. नात झाली म्हणून पेढे वाटले, आणि मग आम्ही त्यांना घेरलं.

लंडननंतर शेजारी एक म्हातारी पंजाबी बाई आली. तीही लेकीकडेच निघालेली. हवाई सुंदरीनं सीटखालचं पिवळं जॅकेट दाखवलं, बुडू देत नाही म्हणाली. बाई म्हणाली, "कपड़े का क्या भरोसा, पुत्तर?" मग विमान हादरायला लागलं आणि बाई रडायलाच लागली.

सरांनी पिशवीतून डबा काढला, भोकाची बाजू खाली केली आणि तिच्या मांडीवर ठेवला. आमच्याकडे पोरं यानंच तरतात, म्हणाले. बाईनं डबा दोन्ही हातांनी कवटाळला आणि सरांच्या खांद्यावर डोकं टेकून अख्खा अटलांटिक झोपून काढला. उतरताना परतीसाठी म्हणून मागूनही घेतला.

राठोड सर ओरडले, "अन तुमी देऊन देल्ला? मंग तुमी वापस कसे आले?"

सरांनी गोल जवळ ओढला आणि निळ्यावर चार बोटं ठेवली.

"खिडकीची सीट मागतली."