लोरेटाबाईंनी दिलेलं बी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अविनाशला नाही, मेधाला नाही, आईलाही नाही — आणि आईला तर मी भाजी करपली तरी फोनवर सांगायचे. मग तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तुमचा माझा काही संबंध नाही, म्हणून असेल. फक्त एक विनंती, मला जरा लांबून यायला द्या. थेट मुद्द्यावर यायची अजून छाती होत नाही.

अविनाश माझा नवरा. आमचं घर टेक्ससमध्ये, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये. पुढे हिरवळ, मागे कुंपण, कुंपणापलीकडे दुसऱ्याचं कुंपण. ऑफिसला जायला एक तास, यायला सव्वा. आणि ह्या गृहस्थाला हवं काय होतं, तर तळं! मासे खाण्यासाठी म्हणाल तर तेही नाही, कारण हा पकडलेला मासा हळूच गळातून सोडवून परत पाण्यात सोडतो, वर त्याला सॉरी म्हणतो. त्याला सकाळी उठल्याबरोबर पायाला चिखल लागेल अशी जागा हवी होती. लहानपण नदीकाठी गेलेला माणूस. एअर कंडिशनरमध्ये तो कोमेजायचा, आणि मला ते दिसायचं.

२००३ च्या हिवाळ्यात त्याने ठरवलं की अमेरिकेच्या दक्षिणेतलं एखादं छोटं गाव शोधायचं आणि तिथे कायमचं राहायला जायचं. शोधायचं म्हणजे कसं? एक निळ्या पुठ्ठ्याची वही केली. एका गावाला एक पान. पाणी किती लांब, रान किती लांब, माती कशी, शाळा कशी, डॉक्टर कुठे. पानाच्या तळाशी तीन रकाने — त्याचा, माझा आणि आमच्या ईशाचा. तिघांपैकी कुणीही फुली मारली की गाव रद्द. कारण विचारायचं नाही, हा नियम त्यानेच घातला होता. ईशा तेव्हा नऊ वर्षांची. एका गावावर तिने फुली मारली, कारण तिथला हंस तिच्या अंगावर धावून आला होता. अविनाशने चकार शब्द न काढता पान उलटलं. मुलीच्या मताचा इतका मान राखणारा बाप मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

तेवढं रकान्याचं लक्षात ठेवा. मला फुली मारायची पूर्ण मुभा होती.

त्याची आणखी एक पद्धत होती. प्रत्येक गावात तीन माणसांना गाठून विचारायचं, इथलं वाईट काय आहे? चांगलं तर कुणीही सांगतं, असं त्याचं म्हणणं. मी गाडीत बसून हसायचे, पण मनातून मला कौतुकच वाटायचं. नोकरी, घर, सगळं ठरवताना आपण असं कधी विचारलं होतं का?

दर दुसऱ्या शनिवारी आम्ही निघायचो. शेवटी सापडलं ते कॅल्डर स्प्रिंग्ज. दक्षिण अर्कान्सॉमध्ये, पाइनच्या रानात, आमच्यापासून सहा तासांवर. तांबडी माती, एकच सिग्नल, घरापुढे गाडीच्या शेजारी होडी. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण स्टीअरिंगवरची दोन बोटं उचलून समोरच्याला राम राम करायचा. अविनाश ते दुपारपर्यंत शिकला. जवळच्या कागदाच्या गिरणीत त्याला मेंटेनन्स इंजिनियरची नोकरी मिळत होती. वारा फिरला की गिरणीकडून उकडलेल्या कोबीसारखा वास येतो, हेही त्याने इमानदारीने वहीत लिहिलं. आणि वेंडेल नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचं घर विकायचं होतं — मागे तळं, तळ्यात लाकडी धक्का, काठावर पिकॅनची झाडं. तळ्यावर रोज जाऊन बसेल अशाच माणसाला घर द्यायचं, असा त्यांचा हट्ट होता. अविनाशला धक्क्यावर उकिडवा बसलेला पाहिल्यावर त्यांनी दुसरं गिऱ्हाईक बघणं सोडून दिलं.

लोरेटाबाई ह्या वेंडेलांच्या धाकट्या बहीण. गावातलं फीड स्टोअर त्या चालवायच्या — गुरांचं खाद्य, बियाणं, खिळे, कुंपणाची तार, बूट, सगळं एकाच छपराखाली. साठीच्या असतील. गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. सगळं गाव त्यांना मिस लोरेटा म्हणायचं. इथलं वाईट काय, असं अविनाशने विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "टिक्स, हनी. अँड एव्हरीबडी नोज एव्हरीबडीज बिझनेस." गोचिड्या आणि गावभर पसरणाऱ्या बातम्या. अविनाशने दोन्ही वहीत लिहिल्या आणि म्हणाला, "यार, किती ऑनेस्ट बाई आहे!"

आमची तिसरी खेप, २००४ चा एप्रिल. अविनाश आणि ईशा वेंडेलांबरोबर तळ्यावर गेले. मी दुकानात थांबले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

लोरेटाबाईंनी मला खाद्याच्या पोत्यावर बसवलं आणि विचारलं, तुमच्याकडे ओक्रा खातात का? ओक्रा म्हणजे आपली भेंडी. खातात का म्हणजे काय! मग दीड तास भेंडी. त्या मक्याच्या पिठात घोळवून तळायच्या; मी सांगितलं, आमच्याकडे पुसून कोरडी करून चिरतात, पाण्याचा थेंब घालत नाहीत, तार जाण्यासाठी आमसूल टाकतात. आमसूल काय ते सांगताना माझी तारांबळ उडाली. त्यांनी एका पावतीच्या मागे माझ्याकडून कृती लिहून घेतली आणि गल्ल्याशेजारी चिकटवली. मग आतून एक कागदी पाकीट आणलं. त्यात त्यांच्या आईच्या हातचं, दर वर्षी राखून ठेवलेलं भेंडीचं बी होतं. पाकिटावर लिहिलं — नव्या घरासाठी. जमीन तापली की लाव, म्हणाल्या. आणि माझ्या गालावर हात ठेवला.

इतक्या वर्षांत अमेरिकेत कुणी माझ्या गालावर हात ठेवला नव्हता.

आणि त्याच क्षणी मी घाबरले. आता त्या गावात नावं ठेवायला काही उरलं नव्हतं. म्हणजे जावं लागणार! शुगर लँडमध्ये मी कुणीतरी होते हो. मंडळाच्या गणपतीचा मसालेभात माझ्याशिवाय चुलीवर चढत नसे. शनिवारचा मराठी वर्ग माझा, नाटकाच्या तालमी आमच्या हॉलमध्ये. कॅल्डर स्प्रिंग्जमध्ये मी कोण असणार होते? तळ्यावाल्या इंडियन माणसाची बायको.

मग फुली का नाही मारली? मारली असती तर अविनाशने पान उलटलं असतं, बस. पण त्याचं स्वप्न मी मोडलं, हे त्या वहीत माझ्या रकान्यात राहिलं असतं. मला जायचंही नव्हतं आणि चांगली बायकोही राहायचं होतं.

परतीच्या वाटेवर अविनाश गुणगुणत गाडी चालवत होता. म्हणाला, "सोमवारी गिरणीला होकार कळवतो. तुझा रकाना भर ना." वही माझ्या मांडीवर होती. मला रडू आलं. रडू खरं होतं. त्याने गाडी कडेला घेतली आणि घाबरून विचारलं, "काय झालं? कोणी काही बोललं का तुला?"

मी होकारार्थी मान हलवली.

"दुकानात?"

पुन्हा हलवली. त्याने विचारलं म्हणून मी हो म्हटलं, असं मी म्हणणार नाही. कारण पुढचं त्याने विचारलंच नव्हतं. मी आपण होऊन सांगितलं, की लोरेटाबाई म्हणाल्या, तुमच्यासारख्यांनी आपल्या देशात परत जावं. शब्द मेधाचे होते. मेधा माझी मैत्रीण; २००१ च्या त्या सप्टेंबरनंतर ह्यूस्टनच्याच एका पार्किंग लॉटमध्ये एक माणूस तिच्यावर हे ओरडला होता. ती आठवडाभर घराबाहेर पडली नव्हती. तिचं ते दुखणं मी उचललं आणि लोरेटाबाईंच्या तोंडी घातलं. कोण शंका घेणार होतं?

एकटी ईशा. ती मागच्या सीटवरून म्हणाली, "बट आई, शी वॉज सो नाइस!" तिच्या हातात लोरेटाबाईंनी दिलेली पेपरमिंटची गोळी होती. अविनाश तिला म्हणाला, "बेटा, काही लोक तोंडावर गोड असतात." माझ्या मुलीला हा धडा त्या दिवशी मिळाला, आणि मी समोर रस्त्याकडे बघत बसले. पुढच्या गॅस स्टेशनवर उतरून मी बियांचं पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

सोमवारी अविनाशने गिरणीला नकार कळवला. मग वेंडेलांना फोन केला. त्याच्यासारखा सरळ माणूस खोटं कारण कसं देईल? त्याने खरं कारण सांगितलं — म्हणजे त्याला जे खरं वाटत होतं ते. माझ्या बायकोला तुमच्या बहिणीने असं बोलावं, अशा गावात आम्ही राहणार नाही. आवाज चढवला नाही त्याने, पण समोरच्याचं ऐकून न घेता फोन ठेवला. माझ्यासाठी. निळी वही त्याने कपाटात वर टाकली आणि पुन्हा काढली नाही.

मंडळात गोष्ट पसरली. मेधाने तर माझा हात हातात घेतला आणि माझ्याआधी तीच रडली. कुणी लहान गावात जायचं नाव काढलं की लगेच कुणीतरी म्हणायचं, "अरे, कॅल्डर स्प्रिंग्जला काय झालं ऐकलं नाहीस का?" नकाशावर ज्यांना ते गाव सापडलं नसतं, त्यांनासुद्धा ते नाव पाठ झालं.

आणि जूनमध्ये पत्र आलं. माझ्या नावाने, लोरेटाबाईंच्या हातचं.

त्यांनी काय लिहिलं असेल असं वाटतं तुम्हाला? मी खोटारडी आहे? तो त्यांचा हक्कच होता. त्यांनी लिहिलं होतं की तो शनिवार त्यांनी मनात पुन्हा पुन्हा उलटापालटा करून पाहिला. आपल्याला वाटलं आपलं छान जमलं, पण आपण म्हाताऱ्या, तोंडाने फटकळ. काहीतरी असं बोलून गेलो असू जे आपल्याला कळलंही नाही. तुला लागलं, तर चूक माझीच. मला क्षमा कर. आणि खाली, जागा उरली होती तिथे — बी रुजलं असेल तर शेंगा कोवळ्या असतानाच तोड, राहू दिल्यास तर निबर होतात.

तुम्हाला वाटेल, आता तरी हिने तोंड उघडलं असेल.

अविनाश संध्याकाळी आला तेव्हा मी पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने दोनदा वाचलं. म्हणाला, "बघ, शेवटी कबूल केलं तिने. मोठ्या मनाची आहे म्हणायची. तूही मनातून काढून टाक, लिही तिला चार ओळी." पुढच्या गणपतीत तो सगळ्यांना सांगत होता की त्या बाईने नंतर माफीसुद्धा मागितली.

अविनाश आता निवृत्त झालाय. मागच्या अंगणात टबांत मिरच्या लावतो, त्यांच्यापुढे उकिडवा बसून राहतो. गाडी चालवताना अजून स्टीअरिंगवरची दोन बोटं उचलतो. शुगर लँडमध्ये कुणी परत उचलत नाही. तो मराठी वाचतो, हेही वाचेल.

त्या चार ओळी मी लिहिल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, चांगल्या कागदावर, सुवाच्य अक्षरात. लिहिलं की तुमची भेंडी छान आली आहे. लिहिलं की झालं गेलं आम्ही विसरलो. आणि लिहिलं, लोरेटाबाई, मी तुम्हाला माफ केलं आहे.