विवाह नोंदणीच्या अर्जावरची माझी सही

ग्रामसेवकाने अर्ज वर धरला, सगळ्यांना दिसेल असा. "पुरोहित म्हणून ह्या बाईनं सही केलीय," तो म्हणाला. ऑफिसात पाचसहा माणसं होती. त्याच्या शेजारच्या खुर्चीत गावातला एक बागायतदार बसला होता, काहीही काम नसताना. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"डोंगरातलं लगीन व्हय? हळद लावायची, नाचायचं, झालं. त्याला लगीन म्हणत न्हाईत, राव."

माणसं हसली. माझ्या शेजारी नवरी उभी होती, माझ्या भावाची मुलगी मनीषा. नऊ दिवसांपूर्वी तिचं लग्न मी लावलं होतं. तिने मान खाली घातली. मीही घातली. हे आधीच सांगते, कारण राग मला नंतर आला.

आमची वाडी आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात. तिथे लग्न जाणती बाई लावते. सासू गेल्यापासून, बारा वर्षं, हे काम माझ्याकडे आहे. मांडवात उंबराची डहाळी रोवायची, दोन्ही कुळांची देवकं पुजायची, गेलेल्या माणसांची नावं गाण्यात घ्यायची, मग नवरीचा हात नवऱ्याच्या हातात द्यायचा. एक नाव राहिलं तरी गाणं पहिल्यापासून म्हणावं लागतं. प्रत्येक लग्नाची नोंद मी वहीत करते. नवरा, नवरी, तिथी, कोण कोण हजर होतं. मनीषाचं लग्न एकेचाळिसावं.

सरकारी नोंदणीला काय लागतं तेही मला पाठ आहे. पोरांना यादी मीच करून देते. नवरा एकवीस पूर्ण, नवरी अठरा पूर्ण, दोघांचे वयाचे दाखले. राहण्याचा पुरावा. लग्नाचा फोटो. पत्रिका, ती नसेल तर प्रतिज्ञापत्र. तीन साक्षीदार, ओळखपत्रांसह. दोघांनी स्वतः हजर राहायचं. आणि शेवटी, भटजीची सही.

ही शेवटची ओळही माझ्याच अक्षरात आहे. मी लावलेल्या पहिल्याच लग्नाचा अर्ज भटजीची सही नाही म्हणून परत आला. मग बाजारच्या गावातले एक भटजी सापडले. माणूस भला. न बघितलेल्या लग्नाच्या अर्जावर सही करायचे, काही विचारायचे नाहीत. काम होत होतं. मी ओळ यादीत घातली आणि चाळीस जोडपी त्यांच्याकडे धाडली. लग्न मी लावलं, सही त्यांनी केली. त्यात काही वावगं आहे असं मला एकदाही वाटलं नाही.

मनीषाच्या वेळी ते भटजी मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते. म्हणून त्या जागी मी सही केली. ते काही बंड नव्हतं. माणूस मिळाला नाही म्हणून खरं लिहिलं, एवढंच.

आणि त्या दाखल्यावर पोरीचं सगळं अडलं होतं. मनीषा नंदुरबारला सरकारी दवाखान्यात परिचारिका. नवरा इकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, ही कचेरी आहे त्याच बागायती गावात राहणारा. नवराबायकोला एका जिल्ह्यात नेमणूक मागता येते, पण अर्जाला विवाह नोंदणीचा दाखला जोडावा लागतो. मुदत शुक्रवारपर्यंत. आम्ही कचेरीत गेलो तो दिवस मंगळवार.

हसणं थांबल्यावर ग्रामसेवक मऊ झाला. "मावशी, वाईट वाटून घेऊ नका. कुणा बी भटजीची सही आणा. संध्याकाळी दाखला देतो."

कुणा बी. मांडवात नसलेला चालेल. नवरीचं नाव माहीत नसलेला चालेल. तीन रात्री जागून गाणं म्हणणारी बाई चालणार नाही. चाळीस खोटे अर्ज याच पद्धतीने पार झाले होते आणि पहिला खरा अर्ज अडकला होता. त्या चाळीसही जोडप्यांना सहीच्या रकान्यावर बोट ठेवून ही जागा दुसऱ्याची म्हणून मीच सांगितलं होतं. तेव्हा राग आला. आधी स्वतःचा, मग त्या खोलीतल्या एकेकाचा.

जावयाने, मनीषाच्या नवऱ्याने, गाडीची चावी काढली होती. मंचरला एक ओळखीचे आहेत, तासाभरात येतो, म्हणाला. मी त्याला बसायला सांगितलं.

"माझी सही चालत नाय असं कुठल्या नियमात आहे?" मी ग्रामसेवकाला विचारलं. "लेखी द्या."

"लेखी न्हाई देता येत."

"मग अर्ज ठेवून घ्या आन पोच द्या."

बागायतदार खुर्चीतून पुढे झुकला. "लई शिकलीस व्हय गं डोंगरात? तुझ्या मानापायी पोरीची बदली घालवशील."

मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ग्रामसेवकाला म्हणाले, "ह्यांना नीट बोलायला सांगा. मी कचेरीत कामाला आलेय, ह्यांच्या वावरात खुरपायला नाय."

या वेळी कोणी हसलं नाही. पोच मिळायला पाऊण तास लागला. तोवर मी टेबलासमोर उभीच राहिले.

बाहेर आल्यावर मनीषा कडाडली. "इतकी वर्षं गप होतीस, आत्या. आजच कशाला जागी झालीस?"

बदलीच्या अर्जाला तिने दाखल्याऐवजी पोच जोडली. अर्ज अपुरा म्हणून बाजूला ठेवलाय. ती नंदुरबारला परत गेली, माझा फोन उचलत नाही. तिचा राग खोटा नाही.

त्यानंतर मी चाळीस घरं फिरले. तालुक्याला खरं काय ते लिहून देते, तुमचं नाव घालू का, असं प्रत्येकाला विचारलं. सहा घरांनी नको म्हटलं, ती नावं गाळली. बाकीच्यांनी सह्या दिल्या. अर्जात लिहिलं की ही लग्नं खरी आहेत, ती मी लावली, कागदावर सही केलेले भटजी एकाही लग्नाला हजर नव्हते, आणि चौकशी करायची तर सुरुवात माझ्यापासून करा.

सोमवारी तो अर्ज घेऊन घोडेगावला तालुक्याच्या कचेरीत जाते आहे. लेखी उत्तर मिळेपर्यंत दर सोमवारी जाईन. मार्गशीर्षात वाडीत दोन लग्नं आहेत. ती मी लावणार आणि नोंदणीच्या अर्जावर सही मी करणार. परत पाठवला तर तोच अर्ज, त्याच सहीचा, पुन्हा नेऊन ठेवीन. सही मागायला आता एकही जोडपं मी कुणाच्या दारात पाठवणार नाही.